‘साभार परत’सुद्धा नाही

“तू लिहिणार होतीस ना गं त्या लॉजबद्दल?” आत्यानं फोनवर विचारलं.

“लिहिलं की. त्याच रात्री लिहिलं.”

“मग आमच्या भाऊंना कसं नाही दिसलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आत्या धुळ्याची. मागच्या थंडीत काका गेले, तेव्हा दशक्रियेसाठी ती आणि माझा आतेभाऊ नाशिकला आले होते. आमचं घर सिडकोत, दोन खोल्यांचं. पहाटे रामकुंडावर पोचायचं म्हणून मीच ॲपवर शोधून पंचवटीतला एक लॉज बुक केला. ४.३ स्टार, शेकड्यांनी रिव्ह्यू, सुविधांच्या यादीत ‘लिफ्ट’. प्रत्यक्षात लिफ्टच्या दाराला कुलूप आणि खोली तिसऱ्या मजल्यावर. आत्याचे दोन्ही गुडघे गेलेले. खालची खोली मागितली, तर दिवसाला ६०० रुपये जास्त. रात्रीचे नऊ वाजलेले, नवरा जाऊन नऊ दिवस झालेली बाई काउंटरसमोरच्या खुर्चीत बसलेली. अशा वेळी हुज्जत कोण घालणार? पैसे दिले.

घरी आल्यावर मी रिव्ह्यू लिहिला. मराठीत, चांगला दोनशे शब्दांचा. तारीख, भाडं, जास्तीचे पैसे, कुलूप, सगळं. ॲपनं आभार मानले. माझ्या नावाखाली, माझ्या फोटोसकट रिव्ह्यू दिसू लागला. माझ्या दृष्टीनं विषय संपला.

चार महिन्यांनी आत्याचे चुलत दीर, म्हणजे हे भाऊ, त्र्यंबकेश्वरला जाण्यासाठी आले. बरोबर ऐंशी ओलांडलेली आई. त्यांनीही ४.३ पाहिले, ‘लिफ्ट’ वाचलं आणि तोच लॉज घेतला. म्हातारीला खुर्चीत बसवून दोन पोरांनी तीन मजले वर नेलं.

आत्याचा फोन ठेवल्यावर मी आईच्या फोनवरून तो लॉज उघडला. माझा रिव्ह्यू नव्हता. माझ्या फोनवरून पाहिलं, होता. पुन्हा आईच्या फोनवरून पाहिलं, नव्हता. चार महिने तो एकाच माणसाला दिसत होता: मला.

नकाराचीही एक रीत होती

जुन्या मराठी मासिकांच्या काळात लेखक कथेसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट पाठवायचा. कथा आवडली नाही, की त्याच पाकिटातून ती घरी यायची. सोबत ‘साभार परत’. दुखायचंच. कित्येकांनी हे दोन शब्द इतक्यांदा वाचले, की त्यावर विनोद करायला शिकले.

पण या दोन शब्दांत बरीच माहिती असायची. तुमचं लिखाण आमच्यापर्यंत पोचलं. कुणीतरी ते पाहिलं. आम्ही ते घेत नाही आहोत. आता ते पुन्हा तुमचं आहे, दुसरीकडे पाठवा, फाडा किंवा सुधारा. कारण क्वचितच मिळायचं, पण निकाल मिळायचा.

वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रांनाही कात्री लागायची. मात्र तिथं संपादक नावाचा एक माणूस होता आणि त्याचं नाव अंकावर छापलेलं असायचं. आपलं पत्र अर्धं आलं, तर कुणावर चिडायचं ते ठाऊक असायचं.

ॲपनं माझ्याशी केलं, ते यापेक्षा वेगळं आहे. त्यानं मला नाकारलं नाही. छापल्याचं नाटक केलं. नाकारलं असतं तर मी दुसरीकडे लिहिलं असतं, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं असतं, आत्याला सांगितलं असतं, “भाऊंना कळव.” छापून आलंय या समजुतीनं मी गप्प बसले. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मला गाळणीच्या असण्यापेक्षा मोठी वाटते.

गाळणी नकोच, असं मात्र नाही

माझ्या एका मैत्रिणीच्या घरचं मिसळीचं हॉटेल आहे, शहराबाहेर, शेडखाली बाकडी टाकलेलं. नाशकात रविवारी सकाळी मिसळ खायला निघालेली माणसं आधी फोन बघतात. काळा रस्सा की लाल, पापड-दही सोबत मिळतं का, गाडी लावायला जागा आहे का, आणि स्टार किती. आकडा ४.४ वरून ३.९ झाला, की तो फरक रविवारच्या गर्दीत दिसतो, असं तिचे वडील सांगतात.

एका रात्रीत त्यांच्या पानावर अकरा एक-स्टार आले. अक्षर एक नाही, नुसता एक तारा. त्यातल्या काही खात्यांनी त्याच आठवड्यात तीन वेगवेगळ्या राज्यांतल्या दुकानांना असेच तारे दिले होते. हे लोक शेडखाली येऊन मिसळ खाऊन गेले, यावर कोण विश्वास ठेवेल? ते तारे निघायला कित्येक आठवडे गेले. त्याच काळात दहा वर्षं दर रविवारी येणाऱ्या एका काकांनी प्रेमानं लिहिलेला लांबलचक रिव्ह्यू मात्र गायब झाला. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तशातली गत.

म्हणजे गाळणी हवीच. खोटे रिव्ह्यू हा आता धंदा आहे, चांगले विकत मिळतात आणि वाईटही. गूगलनंच जाहीर केल्याप्रमाणे २०२३ या एका वर्षात त्यांनी नियमांत न बसणारे १७ कोटींहून जास्त रिव्ह्यू अडवले किंवा काढून टाकले. एवढा ढीग माणसं बसून वाचू शकत नाहीत. तिथं यंत्रच लागतं, आणि यंत्र मजकुराबरोबर वागण्याचा नमुनाही बघतं. एकच मजकूर अनेक दुकानांवर चिकटवलाय का, एखाद्या ठिकाणी अचानक एक-स्टार किंवा पाच-स्टारची लाट आली का, अशा खुणा आपण तपासतो, हे गूगलनं उघडपणे सांगितलं आहे.

आता हा नमुना नाशिकवर ठेवून बघा.

नाशिकला येणारा यात्रेकरू आयुष्यात एकदा येतो, फार तर दोनदा. तो काही रोज उठून रिव्ह्यू लिहिणारा माणूस नसतो. फसवणूक झाली म्हणून चिडून, बहुधा पहिल्यांदाच, तो लिहितो. नवं खातं, एकच रिव्ह्यू, एकच तारा, लिहिणारा दीडशे-दोनशे किलोमीटरवरचा. पैसे घेऊन खोटं लिहिणाराही यंत्राला दुरून असाच दिसणार. शिवाय खरोखर वाईट काही घडलं, समजा एखाद्या रविवारी शिळा रस्सा वाढला गेला, तर एका दिवसात दहा-पंधरा एक-स्टार येणारच. हल्ल्याची लाट आणि खऱ्या संतापाची लाट आकड्यांत सारखीच दिसते.

अशा गाळणीतून सुखरूप कोण जातं? सतत लिहिणारा, फार चिडत नसलेला, स्थानिक माणूस. म्हणजे ज्याला लॉजची गरजच पडत नाही तो. २०२७ च्या सिंहस्थाला देशभरातून माणसं इथं येतील. त्यांतले बहुतेक जण खोली निवडताना याच ताऱ्यांकडे बघणार आहेत.

४.३ कुणाची सरासरी?

आपण सरासरीवर फार विश्वास ठेवतो. दशांश चिन्ह आलं, की आकडा मोजून-मापून काढल्यासारखा वाटतो. एक सोपा हिशोब करू. १०० जणांनी रिव्ह्यू दिले. ८० जणांनी पाच तारे, २० जणांनी एक. सरासरी ४.२. आता त्या २० पैकी १० गाळले गेले, तर सरासरी होते ४.६. खोल्या त्याच, कुलूपही तेच. उलट, ८० पैकी ४० चांगले रिव्ह्यू संशयावरून गेले, तर आकडा ३.७ वर येतो आणि माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचा रविवार बुडतो.

म्हणजे ‘४.३’ हा गाळणीतून उरलेल्या लोकांचा आकडा आहे. किती जण गळाले, ते त्याच्या शेजारी लिहिलेलं नसतं. निवडणुकीत बाद मतं मोजून जाहीर करतात. इथं बाद झालेल्यांचा आकडा कुठंच नाही.

हा भाबडा संशय नाही. अमेरिकेत ‘फॅशन नोव्हा’ नावाची कपड्यांची ऑनलाइन कंपनी आहे. तिच्या साइटवर चार आणि पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू आपोआप प्रसिद्ध व्हायचे आणि त्याखालचे मंजुरीच्या नावाखाली अडकून राहायचे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं हे प्रकरण हातात घेतलं आणि २०२२ मध्ये कंपनीनं ४२ लाख डॉलर देण्याचं मान्य करून ते मिटवलं. या प्रकरणात ग्राहकांनी लिहिलेला प्रत्येक शब्द खरा असू शकतो. तरीही पान खोटं ठरलं. २०२४ साली त्याच कमिशननं खोट्या रिव्ह्यूंविरुद्ध नियम केला, तेव्हा वाईट रिव्ह्यू दाबून ‘हेच सगळे रिव्ह्यू’ असं भासवण्यालाही त्यात बंदी घातली.

अमेरिकेतलंच दुसरं उदाहरण ‘येल्प’चं. हॉटेलं आणि दुकानांच्या रिव्ह्यूंची ही साइट २००४ मध्ये सुरू झाली. तिच्या गाळणीबद्दल दुकानदार वर्षानुवर्षं ओरडत आहेत, कोर्टातही गेले. पण येल्पवर एक सोय आहे. यंत्रानं बाजूला काढलेले रिव्ह्यू पानाच्या तळाशी, एका फिक्या अक्षरांतल्या दुव्यामागे ठेवलेले असतात. सरासरीत ते धरत नाहीत, पण ज्याला वाचायचेत तो वाचू शकतो. ही सोयही सुरुवातीपासून नव्हती. आरोप आणि दावे झाल्यावर, २०१० मध्ये ती आली.

ती अडगळीची खोली काही सन्मानाची जागा नाही. पण खोली आहे, तिला दार आहे, आणि दार लोटता येतं. भाऊंनी ते लोटलं असतं तर ‘लिफ्टला कुलूप आहे’ हे तीन शब्द त्यांना दिसले असते.

मग मी माझाच रिव्ह्यू पुन्हा वाचला

समीक्षा करायची, तर स्वतःच्या लिखाणापासून. चार महिन्यांनी मी तो दोनशे शब्दांचा मजकूर शांतपणे वाचला. पहिल्या चार ओळी ठीक होत्या. पाचव्या ओळीत मॅनेजरचं नाव होतं. सहाव्या ओळीत तो कसल्या वृत्तीचा माणूस आहे, यावर माझं मत. सातव्यात ‘हे सगळेच असे’ अशा धर्तीचं एक वाक्य, ज्यात पंचवटीतले तमाम लॉजवाले मी एका रांगेत उभे केले होते. शेवटी एक टोमणा होता, त्या रात्री मला फार झणझणीत वाटलेला.

संपादक असता तर त्यानं काय केलं असतं? पाच ते सात काढल्या असत्या, टोमण्यावर काट मारली असती आणि बाकीचं छापलं असतं. मी कुरकुरले असते आणि मान्य केलं असतं. कदाचित यंत्रानंही त्याच ओळींवर बोट ठेवलं असेल. पण त्याला बोट ठेवता येतं, काट मारता येत नाही. त्याच्याकडे दोनच निकाल: सगळं राहील किंवा सगळं जाईल. आणि ‘सगळं गेलं’ हे सांगायची त्याला गरज वाटत नाही.

मी नव्यानं लिहिलं. मॅनेजर गेला, वृत्ती गेली, टोमणा गेला. दोन तारे आणि तीन वाक्यं: ‘लिफ्ट बंद असते. खोल्या वरच्या मजल्यावर मिळतात, खालच्या खोलीचे ६०० रुपये जास्त घेतले. बरोबर वयस्कर माणूस असेल तर आधी फोन करून विचारा.’ आईच्या फोनवर बघितलं. दिसलं.

खरं सांगू? हा दुसरा रिव्ह्यू जास्त उपयोगी आहे. भाऊंना एवढंच हवं होतं. गाळणीनं मला नकळत चांगलं लिहायला लावलं, असंही कुणी म्हणेल. पण शिकवायला आधी चूक दाखवावी लागते. मी चूक शोधली ती एक म्हातारी खुर्चीतून तीन मजले वर गेल्यावर, आणि तीही अंदाजानं. ज्यांना अंदाज बांधायला वेळ नाही, ते काय शिकतात? ते शिकतात, की लांब लिहू नये, आकडे देऊ नयेत, चिडू नये, आणि शेवटी लिहूच नये.

त्याचे परिणाम भाषेतही दिसतात. नाशिकच्या कुठल्याही हॉटेलचं पान उघडा. ‘छान’, ‘मस्त’, ‘एक नंबर’, ‘नक्की भेट द्या’. आपल्याकडे खाण्यावर बोलणारी माणसं किती तिरकस, किती बारकाईनं बोलतात! तर्री तेलाची की मसाल्याची, फरसाण आधी घातलं की नंतर, मटकी किती शिजली, यावर शेजारच्या बाकावर वाद चालू असतात. आज सगळ्यात जास्त मराठी माणसं जी समीक्षा लिहितात ती हीच, दोन-चार ओळींची, अंगठ्यानं टाइप केलेली. ती इतकी मिळमिळीत का? थोडा आळस आपला. पण मेहनतीनं लिहिलेलं गायब होतं आणि ‘मस्त’ कायम टिकतं, असं दोनदा दिसलं, की माणूस तिसऱ्यांदा ‘मस्त’च लिहितो.

कायद्याच्या कागदावर काय आहे

भारतात यावर विचार झालेला नाही, असं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी एक मानक आणलं, आयएस १९०००:२०२२. रिव्ह्यू कसे गोळा करावेत, कसे तपासावेत, कसे प्रसिद्ध करावेत, हे त्यात आहे. पारदर्शकता हे त्याच्या तत्त्वांपैकी एक. मात्र ते आणलं गेलं ऐच्छिक म्हणून. पाळायचं तर पाळा. त्याआधी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याला स्वतःच ग्राहक बनून रिव्ह्यू लिहायला मनाई केली होती.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतला एक तुकडा. मोठ्या समाजमाध्यमानं स्वतःहून कुणाचा मजकूर काढला, तर त्या माणसाला आधी कळवायचं, कारण सांगायचं आणि त्यावर दाद मागायची वाजवी संधी द्यायची. हा नियम समाजमाध्यमं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. पण त्यामागचं तत्त्व तिथंच का थांबावं? पोस्ट काढली तर कारण सांगायचं, आणि म्हातारीला तीन मजल्यांपासून वाचवणारी ओळ काढली तर नाही?

यावर उत्तर ठरलेलं आहे: कारण सांगितलं, की ठग शहाणे होतात. गाळणीची भोकं दाखवली, की त्याच मापाचे खडे येतात. यात तथ्य आहे. म्हणून यंत्राच्या सगळ्या खुणा उघड करा, असं माझं म्हणणं नाही. परीक्षेत पेपर तपासण्याची सगळी पद्धत सांगत नाहीत, पण निकाल लावतात. ‘तुमचा अभिप्राय प्रसिद्ध केलेला नाही. त्यात एका व्यक्तीचं नाव आहे.’ एवढ्या दोन वाक्यांनी कोणता ठग शहाणा होणार आहे? पैसे घेऊन लिहिणारे तर आपले तारे दिसतायत का, हे दुसऱ्या फोनवरून रोज तपासतच असणार. आपला रिव्ह्यू दिसतोय यावर विश्वास ठेवून निवांत झोपणारा फक्त खरा ग्राहक.

महाराष्ट्रात हे कुणाला नव्यानं सांगायला नको. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. देशात ग्राहक संरक्षण कायदा आला तो १९८६ मध्ये. म्हणजे कायद्याच्या आधी दहा-बारा वर्षं इथली माणसं वजन-माप आणि पावतीवरून भांडत होती. पावती मागणं हे त्या भांडणातलं पहिलं पाऊल होतं. आपल्या अभिप्रायाचीही पावती मागायला हवी: पोचला, घेतला किंवा नाही घेतला.

वही

दशक्रियेच्या दिवशीची एक गोष्ट राहिली. विधी झाल्यावर आतेभावाला घेऊन आम्ही त्यांच्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलो. नाशिकला आणि त्र्यंबकला यांच्याकडे पिढ्यानपिढ्यांच्या वह्या असतात. गाव सांगायचं, आडनाव सांगायचं, की ते लांबट वही काढतात. त्यांनी काकांच्या वडिलांची नोंद काढली. कुणाचं क्रियाकर्म करायला आले, बरोबर कोण होतं, आणि खाली त्यांची स्वतःची सही, शाईची, थोडी तिरकी. आत्यानं सासऱ्यांचं अक्षर ओळखलं. मग आतेभावानं त्याखाली काकांची नोंद केली आणि सही केली.

ती वही काही तक्रारवही नाही आणि तिथं कुणी तारे देत नाही. पण आत्याच्या डोक्यात ‘लिहिणं’ म्हणजे ते आहे. लिहिलं की राहतं, आणि पुढचा माणूस आला की त्याला दाखवतात. म्हणून तिनं मला इतक्या साधेपणानं विचारलं, “मग भाऊंना कसं नाही दिसलं?”

मी तिला अल्गोरिदम समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे तुला न सांगता तुझं पान फाडलं.”

हो. आणि मूळ प्रत माझ्यासमोर तशीच ठेवली.

आता मी कुठंही काही लिहिलं, की दुसऱ्या दिवशी आईचा फोन मागते. परवा ती म्हणाली, “सारखी काय शोधत असतेस यात?”

“मी आहे का ते बघते,” म्हटलं.